साल्हेरला नेण्याचं सामान

॥ सप्तशृंगी प्रसन्न ॥

सुरत, कतारगाम
८ सप्टेंबर, रविवार

चि. गायत्रीस, अनेक आशीर्वाद.

काल उषाबाईंशी फोनवर बोलणं झालं. तू ऑफिसच्या ग्रुपबरोबर ६ ऑक्टोबरला साल्हेरला जाणार, वाघांब्याच्या बाजूने चढणार, सालोटाही त्याच दिवशी करणार, असं त्यांनी सांगितलं. आईच्या आठवणीने जातेयस, हेही सांगितलं. जाऊ नको असं मी लिहिणार नाही. तो हक्क मला उरला नाही, हे तू बॅग उचलून उषामावशीकडे नाशिकला गेलीस त्या दिवशी दारात उभी राहून सांगितलंस. ते मला शब्दाला शब्द पाठ आहे. फोनवर तू मला बंद केलंयस, म्हणून पोस्टाने लिहितो.

लिहितो ते फक्त पिशवीबद्दल. या विषयात माझं शिक्षण कुठल्या शाळेत झालेलं नाही. मी नववी नापास, लूम्सच्या खात्यातला मास्तर. पण खात्यातल्या चौदा कारागिरांना अकरा वर्षं डांगच्या आणि बागलाणच्या डोंगरात नेलं, एकाच्याही टाचेला फोड आला नाही. तेव्हा वाच.

पिशवी पंचवीस लिटरची घे. मोठी घेतलीस तर भरशीलच. तुझी आई म्हणायची, बायकांना रिकामी पिशवी बघवत नाही आणि पुरुषांना भरलेली उचलवत नाही. भरलेल्या पिशवीचं वजन तुझ्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यावर जाऊ देऊ नको. उषाबाईंच्या शेजारी किराणा दुकान आहे, तिथल्या काट्यावर ठेवून बघ. अंदाज करू नको, अंदाज नेहमी आपल्या बाजूने चुकतो.

बूट नवे घेतले असतील तर आजपासून घाल, भाजी आणायलाही तेच. पायाची नखं गुरुवारी काप, शनिवारी नाही. ताजं कापलेलं नख उतरताना बुटाच्या टोकाला घासतं. मोज्यांचा एक जोड जादा. पूर्ण बाहीचा सदरा, कॉटनचा नको, घामाने ओला झाला की वाळत नाही आणि खिंडीतल्या वाऱ्यात अंग गार पडतं. मानेवर पडदा असलेली टोपी. दिवसाचा ट्रेक असला तरी टॉर्च न्यायचाच, सेल बदलून. शिट्टी गळ्यात, पिशवीत नाही. पडल्यावर पिशवी कुठे असेल सांगता येत नाही. चार इंची क्रेप बँडेज, चिकटपट्टी, छोटी कात्री. सगळ्याच्या आत एक जाड प्लास्टिकची पिशवी, सामान तिच्यात. पायऱ्यांवर दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून मोबाइल हातात नाही.

पाणी अडीच लिटर. वर गंगासागर टाकं आहे, तिथे परत भरायचं, गोळी टाकून अर्धा तास थांबायचं. तहान लागेल तेव्हा प्यायचं, तहान लागेल तितकंच. घड्याळ बघून प्यायचं नाही.

आणि सैंधव, पन्नास ग्रॅम, झाकणाच्या डबीत. उषाबाई म्हणाल्या की तू यंदा आईसारखं नऊ दिवसांचं अळणी धरणार. तुमच्या आजोळची ती रीत मला माहीत आहे, उपासाचं सैंधवही चालत नाही. त्या एका दिवसापुरतं चालवून घे. उकडलेल्या बटाट्याला लाव, ताकात घाल. देवी चिमूटभर सैंधवाने रागावत नाही.

का, ते विचारू नको. इतकी वर्षं डोंगर चढलोय, तेवढ्यावर विश्वास ठेव.

तुझा,
बाबा


सुरत
१९ सप्टेंबर, गुरुवार

चि. गायत्रीस, आशीर्वाद.

पत्र तू वाचलंस. हे मला अपेक्षित नव्हतं. काय झालं ते उषाबाईंनी सांगितलं.

“दाजी, उभ्या उभ्या वाचलं तिनं. पहिलं पान उलटलं. मग हसली. म्हणे, मावशी, ऐक, अडीच लिटर! अजून मापच चाललंय या माणसाचं. आईला मोजून दिलं, आता मला मोजून देतोय.”

पुढे त्या म्हणाल्या, तू पत्राचे चार तुकडे केलेस, आणि पाच लिटरची पाण्याची पिशवी ऑनलाइन मागवलीस. नळी असते ना, खांद्यावरून तोंडात येणारी, ती. “आईला मिळालं नाही तेवढं सगळं मी पिणार आहे,” असं म्हणालीस. आणि सैंधवाचं ऐकून म्हणालीस, “देवीच्या घरातही याचंच चालणार का?”

गायत्री, पाच लिटरचं वजन पाच किलो. पण मुद्दा वजनाचा नाही.

मी पहिल्या पत्रात कारण दिलं नाही ही चूक झाली. देतो. घामाबरोबर अंगातलं मीठ जातं. जेवणातून ते भरून निघतं. अळणी उपासात निघत नाही. तुझी आई सातव्या माळेला गड चढली. सात दिवस अंगात मिठाचा खडा नव्हता. राजगिरा, भगर, दूध, सगळं अळणी. मी तिला म्हटलं होतं की डोंगरावर उपास चालत नाही. तिने ऐकलं नाही. तिचा त्रास उपासाने झाला. म्हणून तू तरी त्या दिवशी उपास मोड, नाहीतर जाणं मोड. इतकंच.

बुटांचं काय केलंस? घालतेयस का?

बाबा


सुरत
२६ सप्टेंबर, अविधवा नवमी

चि. गायत्रीस,

आज तुझ्या आईचं पान ठेवलं. खात्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली होती. शेजारच्या मयुरीने पुरणाचा स्वयंपाक करून दिला, सवाष्ण म्हणून तिलाच जेवायला बसवलं, साडीचोळी दिली. पान वाढताना तिने मीठ डाव्या बाजूला वाढलं की नाही तेवढं मी बघितलं. बरोबर वाढलं होतं.

दुपारी उषाबाईंचा फोन आला. या वेळी तू वाचून फाडलं नाहीस, टेबलावर ठेवलंस. आणि म्हणालीस, “आता मेलेल्या बाईच्या उपासावर ढकलतोय.” उषाबाईंना मी विचारलं, पाणी किती नेणार म्हणते? “पाच लिटर, दाजी, आणि टाक्यावर परत भरून घेणार. रोज रात्री ती पिशवी भरून चढउतार करते जिन्यात. सैंधवाचं नाव काढू देत नाही.”

तेव्हा मला कळलं की मी कितीही नीट यादी लिहिली तरी ती तुला कंजूष माणसाची यादी दिसणार. ती तशी दिसावी याची सोय मीच केलीय. ती सोय काढून घेतल्याशिवाय डबी तुझ्या पिशवीत जाणार नाही. म्हणून लिहितो. कागद चांगला घेतलाय, खाडाखोड केलेली नाही, दुसऱ्या कागदावर आधी लिहून मग उतरवलंय.

आम्ही तिघं होतो. मी, आई आणि माझ्या खात्यातला किसन. वाघांबं सोडलं सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. माझ्याकडे वही होती. धावणाऱ्यांसाठीच्या एका पुस्तिकेत मी कोष्टक वाचलं होतं, तासाला पाऊण लिटर पाणी, तहान लागण्याआधी. तहान लागल्यावर उशीर झालेला असतो, असं त्यात होतं. मला ते फार पटलं. मशीनला तेल तसंच घालतात, आवाज यायच्या आधी. तेव्हा दर वीस मिनिटांनी पाव लिटर, स्टीलच्या पेल्याने मोजून, आणि वहीत टिक. पाणी मी आणि किसन वाहत होतो. आईच्या पिशवीत मी काही ठेवलं नव्हतं.

खिंडीत पोचलो तेव्हा ती म्हणाली, “तहान तुमना घड्याळले लागस, माले नही.” किसन हसून खालीच बसला. मीही हसलो. आणि पेला पुढे केला. तिने घेतला. तुला माहीत आहे ती कशी घ्यायची, तोंड वाकडं करून, पण घ्यायची. माझ्या सांगण्यात शास्त्र असतं असं तिला वाटायचं. चारचौघांत सांगायची, “आमना घरना मानूसले समदं समजस.”

खारे शेंगदाणे आणि मीठसाखरेची पाकिटं होती माझ्याकडे. मी आणि किसनने खाल्ली, प्यायलो. तिला उपास. तिला नुसतं पाणी. मी “उपास चालत नाही” असं म्हटलं होतं, हे गेल्या पत्रात लिहिलं ते खोटं आहे. मी काहीही म्हटलं नव्हतं. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

अकरा चाळीसला गुहांपाशी ती म्हणाली, “बांगड्या घट्ट व्हई गयात.” हात सुजले होते. मी म्हटलं, चढणीने होतं. मग डोकं दुखायला लागलं. मी म्हटलं, पाणी कमी पडतंय. किसन म्हणाला, “मास्तर, भाभीले काबर पाजी ऱ्हायनात? तिले नको शे.” मी त्याला म्हटलं, तू कापडाचे ताके उचल, हे तुझं काम नाही. दीडला तिला उलटी झाली. उलटीत पाणी जातं, ते भरून काढायचं असतं, हे मी वाचलेलं होतं. ती म्हणाली, “बस करा आते. पोटम्हा जागा नही.” मी तिची हनुवटी धरली आणि अर्धा लिटर पाजलं. दोन वेळांत, पाव, पाव. दोन टिका केल्या.

वरचं वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली.

उतरताना ती नीट पाऊल टाकत नव्हती. एकदा माझा हात धरून तिने विचारलं, “गायत्रीनी शाळा सुटनी का?” तेव्हा तू एम.कॉम. करत होतीस. मी तिला हो म्हटलं. तीन वाजून दहा मिनिटांनी शेवटचा पेला दिला. त्यानंतर तिला आकडी आली. आम्ही तिला पाठीवर घेऊन उतरलो, जीपने सटाणा, तिथून नाशिक.

नाशिकला डॉक्टरांनी विचारलं, पाणी किती प्यायल्या? मी वही पुढे केली. गायत्री, मी ती अभिमानाने पुढे केली. त्यांनी टिका मोजल्या. सत्तावीस. सत्तावीस पाव लिटर म्हणजे पावणेसात लिटर. वजन विचारलं. सेहेचाळीस किलो. ते म्हणाले, रक्तातलं मीठ धुऊन निघालंय, मेंदूला सूज आलीय. मग विचारलं, “हे कोणी शिकवलं तुम्हाला?”

मी म्हणालो, “मी स्वतः शिकलोय.”

ते कोष्टक सत्तर किलोच्या, खाऊनपिऊन पळणाऱ्या माणसाचं होतं. एका सुताचा ताण दुसऱ्या सुताला लावला की सूत तुटतं, हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो.

तू सुरतेहून पोचलीस ती थेट काचेपाशी गेलीस. मागे वळलीस आणि म्हणालीस, “पाणी पुरलं नाही ना? मोजून दिलं असणार तुम्ही. तोळ्यातोळ्यानं.” किसनने तोंड उघडलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने मिटलं. तो त्यानंतर महिनाभरात खातं सोडून गावी गेला, तो याच्यामुळेच. मी गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी आई गेली तरी गप्प राहिलो. दहाव्याला सगळे नातलग “उन्हानं गेली, पाणी पुरलं नाही” म्हणत होते, तिथेही मी मान खाली घालून बसलो.

खरं सांगतो. कंजूष म्हणवून घेणं मला सोसलं. अडाणी म्हणवून घेणं सोसलं नसतं.

सोबत रिपोर्टची झेरॉक्स जोडली आहे. तिसऱ्या ओळीत सोडियम लिहिलंय, एकशे सोळा. त्याखाली असायला हवं ते छापलेलं आहे, ताडून बघ.

आता यादी परत वाच. पाणी अडीच लिटर, तहानेपुरतं. सैंधव पन्नास ग्रॅम. हात सुजले, डोकं चढलं, मळमळलं तर पाणी बंद, मीठ तोंडात, आणि तिथून खाली. कोणी कितीही शहाणपणाने पेला पुढे केला तरी घ्यायचा नाही.

बाबा


[पोस्टकार्ड]

३० सप्टेंबर, सोमवार

चि. गायत्रीस. २६ तारखेचं जाड पाकीट स्पीड पोस्टाने पोचलं. उषाबाई म्हणतात, तू ते न फोडता फ्रिजवर ठेवलंयस, आणि “मी त्याला हात लावणार नाही, तूही लावू नकोस” अशी शपथ घातलीयस. शपथ मोडा असं मी त्यांना सांगू शकत नाही. म्हणून हे कार्ड. याला फोडावं लागत नाही. कतारगामच्या पेटीपासून तुझ्या दारापर्यंत ज्याला वाचायचं त्याने वाचावं.

तुझी आई तहानेनं गेली नाही. ती नको नको म्हणताना मी पाजलेल्या पाण्यानं गेली. पावणेसात लिटर, अळणी उपासात. मला हे दवाखान्यात त्याच दिवशी कळलं होतं. पाकिटात रिपोर्ट आहे. पाच लिटरची पिशवी नेऊ नको. सैंधव ने. मला काही म्हण, सैंधव ने.

नि. सु. बोरसे


सुरत
८ ऑक्टोबर, मंगळवार

सौ. उषाबाई यांस, सा. न. वि. वि.

काल रात्री तुम्ही फोन केलात तेव्हा मला नीट बोलता आलं नाही. तुम्ही बोलत होतात आणि मी नुसतं हं हं करत होतो, ते तुम्हाला विचित्र वाटलं असेल. माफी असावी. मी ऐकत होतो. बरोबर ऐकलं ना, तेवढं तपासून घेण्यासाठी लिहितो.

कार्ड शुक्रवारी आलं. पोस्टमन ते गायत्रीच्याच हातात देऊन गेला. तिने ते दारात वाचलं, आत येऊन पाकीट फोडलं, आणि न्हाणीत जाऊन कडी लावली. तासभर नळ चालू होता. बाहेर आल्यावर तिने तुम्हाला विचारलं, “मावशी, तुला माहीत होतं?” तुम्ही नाही म्हणालात. ते खरंच आहे, मी तुम्हालाही सांगितलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी ती शेजारच्या दुकानात जाऊन सैंधव घेऊन आली. तुमच्यासमोर बटाटा उकडला, मीठ लावून खाल्ला. नळीची पिशवी घरीच ठेवली. रविवारी वाघांब्याहून चढली, सालोटा केला नाही, साल्हेर पूर्ण केला. परशुरामाच्या देवळापाशी अकराला पोचली. उतरून जीपपाशी पावणेपाचला. हात, पाय, डोकं, सगळं ठीक. पाणी दिवसभरात तीन लिटर. हे तुम्ही सांगितलंत त्याच क्रमाने लिहिलंय.

ग्रुपमधल्या एका मुलीने तिला वाटेत पाण्याची बाटली दिली तेव्हा तिने नको म्हटलं, आणि मग तिथल्या दगडावर बसून राहिली, लोक थांबले, विचारायला लागले, हेही तुम्ही सांगितलंत. का ते तुम्ही सांगितलं नाहीत, मीही विचारलं नाही.

तुमचं म्हणणं आहे, दाजी, पोरगी सुखरूप आली, याचं समाधान मानून घ्या. मानलंय. त्यासाठीच लिहिलं होतं, दुसरं काही मिळेल म्हणून लिहिलं नव्हतं. तसं मी स्वतःला दर पत्राच्या वेळी बजावत होतो. पण आता हात जोडून सांगतो, ते पूर्ण खरं नव्हतं. पहिलं पत्र तिने वाचलं, दुसरं टेबलावर ठेवलं, तेव्हा मला वाटायला लागलं होतं की कंजूष बापाला ती कधीतरी माफ करेल. अजून चारपाच पत्रं लागतील. दिवाळीपर्यंत म्हणा. तो रस्ता मीच बंद केला, माहीत असून केला, त्याबद्दल तक्रार नाही.

एकच राहिलं. गायत्रीने तुम्हाला जे सांगायला सांगितलं, ते तुम्ही रडत सांगितलंत, म्हणून मी ते फोन ठेवल्याबरोबर कागदावर उतरवून घेतलं. ते असं:

“बाबांना सांग, मी उतरले. बाबांच्या हातून आई गेली, हे मी सोसलं असतं. त्याच दिवशी सांगितलं असतं तर त्यांना एकटं टाकून आले नसते. दोन वर्षं मी पाण्याचा पेला तोंडाला लावताना आई तहानलेली गेली म्हणून रडत होते, आणि बाबांना माहीत होतं. आता पत्र नको, फोन नको. त्यांनी तुलाही विचारू नये.”

वाक्यं अशीच होती ना? एखादा शब्द इकडेतिकडे झाला असेल तर कळवा. नसेल तर उत्तराची तसदी घेऊ नका.

आपला,
निंबा सुकदेव बोरसे